बर्लिनमध्ये आई-बाबांना एकटं फिरू द्यावं का? (बाबा रिटायर्ड एसटी कंडक्टर!)

कंदी_पेढा | १२ मे २०२५

नमस्कार मंडळी, बर्लिनमधे राहणाऱ्यांनी जरा मदत करा. आई-बाबा २८ मेला येताहेत, २४ ऑगस्टपर्यंत राहणार. मी ब्रित्झ-स्यूडला राहते, यू ७ या मेट्रो लाईनवर. ऑफिस शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, त्यामुळे सोम ते शुक्र सकाळी आठ ते संध्याकाळी साडेसहा ते दोघंच घरी. बाबा ३१ वर्षं एसटीत कंडक्टर होते, सातारा डेपो. ते घरात बसणारे नाहीत हे मला आत्ताच दिसतंय, फोनवर रोज विचारतात की तुमच्याकडे गाड्या किती वाजता सुरू होतात. इंग्रजी जेमतेम, जर्मन शून्य. आईचे गुडघे दुखतात, जिने नको असतात.

प्रश्न असे की १) एकट्याने सोडावं का २) तिकिटाचं काय करू, पास काढू की सुटी तिकिटं ३) कुठल्या मार्गांवर पाठवलं तर हरवले तरी फार बिघडणार नाही. आणि बाबांचा एक प्रश्न जसाच्या तसा देते: "दाराला गेट नाही, गाडीत कंडक्टर नाही, मग तिकीट फाडतं कोण?"

---

रिंगबान | १२ मे

बाबांना सांगा अख्खं शहर विनावाहक आहे :)

सोडा हो बिनधास्त. एसटीत ३१ वर्षं काढलेल्या माणसाला बर्लिन काय हरवणार. उलट आपल्यासारखे गुगल मॅप बघत चालणारेच जास्त चुकतात.

आधी झोन समजावून सांगा, सगळा घोळ तिथेच होतो. ए म्हणजे रिंगच्या (गोल फिरणाऱ्या लोकल लाईनीच्या) आतलं शहर, रिंगची स्टेशनं धरून. बी म्हणजे रिंगबाहेरचं, शहराच्या हद्दीपर्यंत. सी म्हणजे हद्दीपलीकडचं, पोट्सडाम, विमानतळ वगैरे. तुमचं ब्रित्झ बी मधे. रोजच्या फिरण्याला एबी पुरतं. एकेरी एबी तिकीट या वर्षी (२०२५) ३.८० युरो, दोन तास चालतं, गाड्या कितीही बदला, यू-बान (मेट्रो), एस-बान (लोकल), ट्राम, बस सगळं त्यातच. फक्त गेलात त्याच वाटेने परत यायचं नाही.

---

जुना_बर्लिनकर | १२ मे

विमानतळ सी मधे आहे हे दोनदा अधोरेखित करा. उतरल्या उतरल्या लोक मशीनवर एबी काढतात आणि पहिल्याच दिवशी दंड भरतात, मी डोळ्यांनी पाहिलंय. तुम्ही घ्यायला जाणार असालच तर ब्रित्झसाठी ट्रेनच्या भानगडीत पडू नका, विमानतळावरून एक्स ७ बस थेट रूडोला जाते, यू ७ चं शेवटचं स्टेशन, तिथून पाचवं स्टेशन तुमचं. बॅगा असल्या तरी शेवटच्या स्टेशनवर गाडी रिकामी मिळते.

यू ७ ही सगळ्यात लांब लाईन, रूडो ते श्पांडाऊ, ४० स्टेशनं, जवळजवळ ३२ किमी, आणि सगळीच्या सगळी जमिनीखालून. बाबांना सांगा, सातारा-कराड अंतर समजा बोगद्यातून गेलात तर. (कराड बरंच जास्त आहे, माहितीय, किस काढू नका.)

---

म्युनिककरीण | १३ मे

बर्लिनवाल्यांनो तुमचं बरंय. आमच्याकडे विमानतळाला जायचं तर एस १ अर्ध्या वाटेत नॉयफार्न नावाच्या गावी चक्क तुटते. पुढचे डबे फ्रायझिंगला, मागचे विमानतळाला. माझे सासरे पुढच्या डब्यात आणि सासूबाई बॅगांपाशी मागच्या डब्यात, मधे जायला रस्ता नाही. सासूबाई विमानतळावर पोचल्या, सासरे फ्रायझिंगला बसून बियर पितायत. तेव्हापासून आमच्याकडे पाहुण्यांना एस ८ च.

---

टवाळ_पोर | १३ मे

म्हणजे सासऱ्यांना कुठल्या डब्यात बसायचं ते बरोबर कळलं होतं

---

नीरक्षीर | १३ मे

तिकिटाबद्दल. तीन महिने राहणार आणि बाबा रोज फिरणार तर डॉइचलांड तिकीट सोडून दुसरा विचार करू नका. २०२२ च्या उन्हाळ्यात तीन महिने ९ युरोवालं होतं त्याचं हे पुढचं रूप, मे २०२३ ला ४९ युरोला सुरू झालं, या जानेवारीपासून ५८. महिन्याला ५८ मधे सगळ्या जर्मनीतल्या लोकल, बस, ट्राम, मेट्रो आणि रीजनल गाड्या. आयसीई, आयसी या लांब पल्ल्याच्या गाड्यांत चालत नाही, हिरव्या फ्लिक्सवाल्या गाड्यांत पण नाही. झोनची कटकट नाही, विमानतळ पण त्यातच.

पण तीन खाचा आहेत. एक, ते कॅलेंडर महिन्याचं असतं, म्हणून २८ मेला उतरून मेचं काढू नका, चार दिवस सुटी तिकिटं घ्या आणि १ जूनपासून पास. दोन, ते नावावर असतं, सोबत पासपोर्ट हवा, बाबांचा पास आईला चालत नाही. तीन, आणि ही महत्त्वाची, ती वर्गणी आहे, आपोआप पुढे चालू राहते. ऑगस्टअखेर बंद करायची तर १० ऑगस्टच्या आत रद्द करायला लागते. ११ ला आठवलं की सप्टेंबरचे ५८ गेले, आणि तेव्हा बाबा साताऱ्यात चहा पीत असतील.

आई रोज फिरणार नसतील तर त्यांना सुटी तिकिटं किंवा २४ तासांचं तिकीट परवडेल. हिशोब करून बघा.

---

कंदी_पेढा | १३ मे

नीरक्षीर, खूप आभार, कॅलेंडरमधे १० ऑगस्टला तीन अलार्म लावले. पण अडचण अशी की बाबांना मोबाईलवरचं तिकीट मान्यच नाही. म्हणाले "हातात धरता येत नाही ते कसलं तिकीट."

---

जुना_बर्लिनकर | १४ मे

मग चिपकार्डवर घ्या, प्लास्टिकचं येतं, पोस्टाने यायला वेळ लागतो म्हणून आत्ताच मागवा. बाबांचं म्हणणं चूक नाही हो, बॅटरी संपली की मोबाईलवरचं तिकीट पण संपलं, आणि तपासनीस आला तर तो तुमच्या बॅटरीची वाट बघत नाही.

आईंच्या गुडघ्यांबद्दल: खालच्या यू-बानपेक्षा बसने पाठवा. स्टॉपला आली की बस दाराच्या बाजूने खाली झुकते, एक सुस्कारा टाकते आणि फुटपाथला टेकते, चढायला पायरीच राहत नाही. आमची आई म्हणायची "ही गाडी बघ, माझ्यासाठी गुडघे टेकते." यू-बानला लिफ्ट पुष्कळ स्टेशनांवर आहेत पण त्या बंद पडतात, निघायच्या आधी ब्रोकनलिफ्ट्स नावाची साईट बघा, कुठली लिफ्ट चालू कुठली बंद ते तिथे कळतं. आणि स्टॉपवर नुसतं उभं राहू नका, बस दिसली की हात दाखवा. हात दाखवा गाडी थांबवा, बाबांना नवीन नाही हे.

१०० नंबरची बस पाहिजेच. झू स्टेशनवरून अलेक्झांडरप्लात्झ, मधे विजयस्तंभ, संसद, उंटर डेन लिंडन सगळं येतं. बर्लिनची भिंत पडल्यावर १९९० मधे सुरू झाली, पूर्व पश्चिम जोडायला. डबल डेकर, वरच्या मजल्यावर पुढची सीट पकडा. आईंना जिना नको तर खाली बसा, तिथूनही दिसतं.

---

रिंगबान | १४ मे

माझा सल्ला एकच, पहिल्या दिवशी रिंगवर सोडा. तुमच्या ब्रित्झ-स्यूडहून चौथं स्टेशन नॉयक्योल्न, तिथे वर एस-बानची रिंग लागते. ३७ किमीचा गोल, २७ स्टेशनं, एक फेरी बरोबर एका तासाची. कुठेही झोप लागली तरी फिरून तिथेच. एस ४१ घड्याळाच्या दिशेने, एस ४२ उलट.

लक्षात ठेवायला सोपं, ४१ म्हणजे प्रदक्षिणा.

१९६१ ला भिंत आली तेव्हा ही रिंग तुटली ती जोडून पुरी व्हायला २००२ उजाडलं. आणि नॉयक्योल्नहून ४१ घेतली की उजवीकडे टेम्पलहोफचं विमानतळाचं मैदान दिसतं, २००८ ला विमानं बंद झाली, आता धावपट्टीवर लोक सायकली चालवतात आणि पतंग उडवतात.

---

नीरक्षीर | १४ मे

एक सुधारणा. एकेरी तिकिटावर पूर्ण फेरी मारता येत नाही, परतीचा आणि गोल प्रवास त्यात बसत नाही असं नियमातच आहे. फेरीसाठी २४ तासांचं तिकीट किंवा पास.

---

टवाळ_पोर | १४ मे

नीरक्षीर काका रिंगमधे पण कोपरा शोधतात

---

मुळशीची_मैना | १५ मे

मी पण बर्लिनमधेच, सहा वर्षं. एक न विचारलेला सल्ला देते, आईंना गाडीत व्हिडीओ कॉल करू देऊ नका स्पीकरवर. कोणी काही बोलत नाही पण अख्खा डबा असा बघतो ना की आपणच पुढच्या स्टेशनवर उतरतो. माझी आई मावशीला "हे बघ गं गाडी, हे बघ दार" करत होती तेव्हा समोरच्या आजींनी पुस्तक मिटून डोळे बंद केले.

दारं आपोआप उघडत नाहीत ते पण सांगा. बटण दाबायचं. माझे बाबा दारासमोर अदबीने उभे राहिले आणि गाडी निघून गेली.

हेर्मानप्लात्झला उतरलात की हाजनहाइड पार्कच्या कडेला गणपतीचं देऊळ आहे, यू ७ वरच, आईंना आवडेल.

---

कंदी_पेढा | २ जून

आले. आणि दंड पण भरला.

सविस्तर सांगते. शुक्रवारी मी ऑफिसला, आई झोपलेली, बाबा मला न सांगता बाहेर. पास १ तारखेपासून, म्हणून मी त्यांना मशीनवर तिकीट कसं काढायचं ते शिकवलं होतं. बाबांनी तिकीट काढलं, नाणी मोजून घातली, तिकीट घडी न घालता शर्टाच्या वरच्या खिशात ठेवलं आणि गाडीत बसले. प्लॅटफॉर्मवर तो छोटा खोका असतो ना, तिकीट आत सरकवलं की टक्क करून तारीख वेळ स्टेशन उठतं, ते मी सांगायचं विसरले. सगळं सांगितलं मी, झोन सांगितले, बटण सांगितलं, शिक्का विसरले.

दोन स्टेशनांनंतर समोर बसलेला जीन्समधला मुलगा उठला, खिशातून ओळखपत्र काढलं आणि काहीतरी म्हणाला. बाबा म्हणतात मला त्याचा एक शब्द कळला नाही पण उभं राहण्याची पद्धत ओळखली, लाईन चेकिंगवाला असाच उभा राहतो. त्यांनी तिकीट काढून दिलं. त्याने उलटसुलट केलं आणि कोरी जागा अंगठ्याने दाखवली.

६० युरो.

मला फोन आला तेव्हा मी मीटिंगमधून उठून बाहेर आले, मी त्या मुलाशी फोनवर जर्मनमधे भांडायला लागले की म्हातारा माणूस आहे, परवा आलाय, तिकीट तर काढलंय ना, फसवायचं असतं तर काढलं कशाला असतं. मागून बाबा मोठ्याने म्हणाले, "पोरी गप. पंच नाही त्याच्यावर."

घरी आले ते काही बोलले नाहीत. जेवताना आईला समजावत होते. आमच्याकडे पॅसेंजरच्या हातात पंच नसलेलं तिकीट सापडलं तर मेमो कंडक्टरला, कारण तेच तिकीट तो दुसऱ्याला विकू शकतो. इथे पंच मारणारा पॅसेंजर स्वतःच, म्हणजे कंडक्टर पण तोच, मग मेमो त्यालाच. "३१ वर्षांत एक मेमो नव्हता मला," म्हणाले, आणि ताटातली भाकरी तशीच ठेवून उठले.

मला फार वाईट वाटतंय.

---

जुना_बर्लिनकर | २ जून

अहो वाईट वाटून घेऊ नका, इथे राहणाऱ्या प्रत्येकाने कधी ना कधी हे साठ भरलेत. मी १९९८ ला भरले, तेव्हा मार्क होते. पास घरी विसरला असता तर नंतर नेऊन दाखवता आला असता आणि थोडक्यात सुटला असता, पण शिक्का नसलेल्या तिकिटाला तो उपाय नाही.

बाबांना माझा नमस्कार सांगा. "पंच नाही त्याच्यावर" वाचून मी थांबलोच जरा.

---

म्युनिककरीण | ३ जून

आमच्याकडे पण तसंच, शिक्का नाही तर तिकीट नाही. बाबा परत निघाले का बाहेर?

---

कंदी_पेढा | २२ जून

निघाले का म्हणजे काय! चिपकार्ड आलं आणि गायबच असतात दिवसभर. कार्डाला शिक्का लागत नाही हे कळल्यावर जरा हिरमुसले. मग प्लॅटफॉर्मवर उभे राहून दुसऱ्यांना शिक्क्याचा खोका दाखवायला लागले, आईने पाहिलंय. मशीनवरून तिकीट घेऊन कोणी परदेशी दिसणारा तसाच निघाला की बाबा त्याच्या खांद्याला हात लावून खोक्याकडे बोट करतात आणि तोंडाने "टक्क" करतात. एका स्पॅनिश जोडप्याने त्यांच्याबरोबर फोटो काढला.

आईचं वेगळंच. ४१ म्हणजे प्रदक्षिणा हे मी तिला कौतुकाने सांगितलं आणि पस्तावले. आता ती ४२ मधे बसतच नाही, उलटी प्रदक्षिणा नको म्हणते. आम्हाला नॉयक्योल्नहून ओस्टक्रॉइत्झला जायचं होतं, ४२ ने फक्त तीन स्टेशनं, तर आम्ही ४१ ने सगळं बर्लिन फिरून गेलो, पाऊण तासावर लागला. रिंगबान, हे तुमचं पाप आहे.

परवा बाबांचा फोन, "एक गाडी आलीय, पाटीवर आइनष्टाइनचं नाव दिसतंय, कुठे जाते?" मी फोटो पाठवायला सांगितला. "बिट्टं निश्त आइनष्टायगन." म्हणजे कृपया चढू नका, गाडी डेपोला चाललीय.

---

टवाळ_पोर | २२ जून

डेपोला चाललेली गाडी आणि कंडक्टर ओळखत नाही?? बाबांना सांगा हे मात्र मेमोचं प्रकरण आहे

---

कंदी_पेढा | २२ जून

वाचून दाखवलं, हसले. म्हणाले हे कबूल.

---

रिंगबान | २३ जून

आईंच्या प्रदक्षिणेची पूर्ण जबाबदारी घेतो.

रविवारचं बघून ठेवा, उन्हाळ्यात रूळांची कामं निघतात आणि रिंगचा एखादा तुकडा बंद करतात. मग पाटीवर एसईव्ही दिसेल, म्हणजे रेल्वेऐवजी बस. मुंबईकरांसाठी भाषांतर: मेगाब्लॉक. एवढाच फरक की इथे बदली बस ठेवतात आणि ती कुठून सुटते ते शोधण्यात मेगाब्लॉकपेक्षा जास्त वेळ जातो.

---

मुळशीची_मैना | २४ जून

बाबांना बोटीने पाठवलं की नाही? वानझेहून क्लाडो, एफ १०. तासाला एक, वीस मिनिटांचा प्रवास, साधं एबीचं तिकीट किंवा पास चालतो, पर्यटकांच्या बोटीसारखे वेगळे पैसे नाहीत. आणि उन्हाळ्यात शनि-रवि राह्न्सडोर्फला एक चक्क वल्हवायची होडी आहे, एफ २४, ती पण सरकारी वाहतुकीचीच, नावाडी वल्ही मारतो. जाण्याआधी वेळ बघून घ्या, लहरी आहे जरा.

---

जुना_बर्लिनकर | २४ जून

आणि नॉर्डबानहोफ. आईंना नको, बाबांना एकट्यांना. शहर तोडलं होतं तेव्हा पश्चिमेच्या काही लाईनी मधेच पूर्वेच्या पोटातून जायच्या. यू ६, यू ८ आणि उत्तर-दक्षिण एस-बान. पूर्वेतली स्टेशनं बंद, दिवे मंद, प्लॅटफॉर्मवर बंदूकवाले पहारेकरी, गाडी हळू व्हायची पण थांबायची नाही. भुताची स्टेशनं म्हणायचे. त्यातलं पहिलं, यानोवित्झब्र्युक, भिंत पडल्यावर दोनच दिवसांनी उघडलं, ११ नोव्हेंबर १९८९. नॉर्डबानहोफला स्टेशनातच या सगळ्याचं प्रदर्शन आहे, फुकट. मग फ्रिडरिशश्ट्रासला अश्रूमहाल, तिथून पश्चिमेची माणसं पूर्वेतल्या नातेवाईकांचा निरोप घ्यायची. तेही फुकट, सोमवारी बंद.

---

कंदी_पेढा | १३ जुलै

बाबा नॉर्डबानहोफला तीनदा जाऊन आले. जर्मन येत नाही, इंग्रजी पाट्या थोड्या थोड्या लावून वाचतात. मी विचारलं एवढं काय बघता. म्हणाले, स्टॉप आहे, पॅसेंजर आहे, आणि ड्रायव्हरला थांबायची परवानगी नाही, २८ वर्षं. "त्या ड्रायव्हरचं बघ की," म्हणाले. मला हा विचार कधीच आला नव्हता, मी यू ८ ने रोज बदलून जाते.

होडी केली. आईला वल्हवायची एवढी आवडली की कोयनेच्या काठचं माहेर आठवलं.

१० ऑगस्टचा अलार्म अजून लावलेलाच आहे.

---

नीरक्षीर | ११ ऑगस्ट

@कंदी_पेढा रद्द केलंत का?

---

कंदी_पेढा | ११ ऑगस्ट

९ तारखेलाच केलं काका, बाबांनी समोर बसून करवून घेतलं आणि कन्फर्मेशनचा प्रिंट मागितला. तो पण फाईलला लावलाय, दंडाच्या पावतीशेजारी. ती पावती मी फेकणार होते, त्यांनी नेलीय साताऱ्याच्या बॅगेत.

---

नवीन_पाखरू | १९ जानेवारी २०२६

धागा वर काढतोय. माझे आई-वडील मार्चमधे बर्लिनला येताहेत, आम्ही श्पांडाऊला राहतो. वरची माहिती अजून चालू आहे का? डॉइचलांड तिकीट ५८ च आहे का? आणि विमानतळावरून श्पांडाऊला सामानासकट कसं यावं?

---

नीरक्षीर | १९ जानेवारी

१ जानेवारीपासून ६३ झालंय. बाकीच्या खाचा त्याच, १० तारखेची पण.

---

कंदी_पेढा | १९ जानेवारी

थांबा, बाबांना फोन लावते. ते साताऱ्यात बसून अजून रोज बर्लिनचं ॲप उघडतात, कुठली लाईन बंद आहे ते मला सकाळी त्यांच्याकडूनच कळतं.

हं, म्हणाले, यू ७ ने येऊ नका, रूडो ते श्पांडाऊ म्हणजे सगळीच्या सगळी लाईन, म्हातारी माणसं कंटाळतील. विमानतळाहून सरळ रीजनल ट्रेन बघा. आणि आईवडिलांना शिक्क्याचा खोका आधी दाखवा, बाकी सगळं नंतर.